घाई नाही आपल्याला

सेकंडहँड गाडी घ्यायला तीन गोष्टी लागतात : पैसे, पार्किंग आणि एक नंदूकाका. पैसे बँक देते. पार्किंग सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडून मिळवता येतं. नंदूकाका मात्र आधीपासून ओळखीत असावा लागतो. कुणाकडे तो थोरला मेहुणा असतो, कुणाच्या ऑफिसात अकाउंट्समधला पाटील असतो, कुणाच्या बायकोच्या मावशीचे यजमान असतात. स्वतःला गाडी घ्यायची नसताना दुसऱ्याची गाडी बघायला रविवारची झोप मोडून, घरचा चहा टाकून जो आनंदाने येतो, तो नंदूकाका.

आमचे नंदूकाका कोथरूडला आमच्याच सोसायटीत, बी विंगमध्ये राहतात. हयात भोसरीतल्या एका कारखान्याच्या इन्स्पेक्शन खात्यात गेली. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण खातं काही त्यांच्यातून रिटायर झालं नाही. जगातल्या सगळ्या वस्तूंचे त्यांच्याकडे तीनच ढीग : पास, रिजेक्ट आणि डेव्हिएशनवर पास. ड्रॉइंगपेक्षा थोडं वेगळं आहे, पण सही करून चालवून घेता येईल, ते डेव्हिएशनवर पास. मंडईतली भेंडी, भाचीसाठी आलेलं स्थळ, गणपतीतले मोदक, सोसायटीचा नवा वॉचमन, सगळे या तिन्हींपैकी कुठे तरी जाऊन बसतात. काकूंना एकदा कुणी तरी विचारलं, तुमचा नंबर कुठल्या ढिगात? काकू म्हणाल्या, "माझं सोडा. यांना मी डेव्हिएशनवर पास केलंय."

गाडी बघायला निघताना काकांच्या खांद्याला एका साडीच्या दुकानाची कापडी पिशवी असते. तिच्यात टॉर्च, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला दांडीचा आरसा, पांढरा रुमाल, वाचायचा दुसरा चष्मा आणि गुंडाळी केलेली जुनी योगा मॅट. मॅट योगासाठी नाही. परक्याच्या पार्किंगमध्ये गाडीखाली झोपण्यासाठी आहे. अलीकडे मुलाने जर्मनीहून रंगाची जाडी मोजायचं यंत्र पाठवलंय. ते काका इतक्या जपून हाताळतात, की नातवाला कडेवर घेतानाही त्यांनी एवढी काळजी घेतल्याचं मला आठवत नाही.

साध्या गाड्यांसाठी ही पिशवी अर्धीच उघडते. आल्टो, वॅगन-आर अशा गाड्या ते उभ्याउभ्या उरकतात. "तिला बिचारीला कोण पळवणार?" म्हणतात. पिशवी पूर्ण उघडते ती कुणी तरी वेगवान सेडान बघायला निघालं, की. ऑक्टाव्हिया आरएस, लिनिया टी-जेट, जुनी व्हीटेक, असली नावं घेतली की काकांचा चष्मा आपोआप नाकावर खाली येतो. त्यांचं म्हणणं असं, की साधी गाडी लोक जायला-यायला घेतात, ही गाडी लोक दाबायला घेतात. त्यामुळे ती किती चालली याच्यापेक्षा कुणाच्या पायाखाली चालली हे आधी बघायचं. हे ते गाडीच्या आधी मालकाचं इन्स्पेक्शन करून शोधतात. मालक लिफ्टमधून उतरताना चावी बोटावर फिरवत आला, तर काका माझ्याकडे बघतात. त्याने दार धाडकन लावलं, तरी बघतात. आणि गाडी वळवून आणून त्याने त्याच क्षणी बंद केली, तर बघतच राहतात. टर्बोची पाती मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतात. जोरात पळवून आणलेली गाडी मिनिटभर तशीच चालू ठेवायची, ऑइल फिरू द्यायचं, तिला निवू द्यायचं, मग चावी काढायची, हे ज्याला कुणी शिकवलं नाही, त्याच्या गाडीचा टर्बो काका न उघडताच ओळखतात.

"घाई नाही आपल्याला," हे त्यांचं पालुपद. गाडी घेणाऱ्याला घाई असते, विकणाऱ्याला घाई असते, एजंटाला तर फारच असते. काकांना नसते.

मागच्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या ओंकारला हे वेड लागलं. मुलगा हिंजवडीला नोकरीला, पगार उत्तम, लग्न व्हायचंय. त्याच्या आईच्या मते या तीन गोष्टींपैकी तिसरीकडे आधी लक्ष द्यायला हवं होतं. पण ओंकारच्या डोक्यात ऑक्टाव्हिया आरएस बसली होती. २०१७ साली कंपनीने ती भारतात आणली तेव्हा ५०० गाड्या काढल्या होत्या, किंमत २४ लाख ६२ हजार, दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० अश्वशक्ती, शून्यापासून शंभरला सात सेकंदांच्या आत. मग २०२० मध्ये आली ती २४५ अश्वशक्तीची, फक्त २०० गाड्या, जवळजवळ ३६ लाखांना. हे सगळं ओंकारने काकांना जिन्यात उभं राहून एका दमात सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कर्वे रोडवर सात सेकंदांत कुठे पोचायचंय तुला?"

पण त्यांचे डोळे चमकले होते, हे मी पाहिलं.

पहिली गाडी होती बाणेरला. निळी. आदल्या रात्री काकांनी मालकाला स्वतः फोन केला. "नमस्कार साहेब, उद्या सकाळी साडेसातला येतो. एक विनंती आहे. आम्ही येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. आणि धुवायची तर अजिबात नाही." ओल्या पत्र्यावर टचअप दिसत नाही आणि गरम इंजिन आपली सगळी दुखणी लपवतं, यावर काकांची श्रद्धा आहे. साडेसातला आम्ही पोचलो तर गाडी लखलखीत धुतलेली. काकांनी कुणाशी काही न बोलता, लहान मुलाचा ताप बघावा तसा बॉनेटवर तळहात ठेवला.

"हं," म्हणाले.

नंदूकाकांच्या 'हं'चे प्रकार आहेत. आखूड 'हं' म्हणजे कळलं. लांब 'हं' म्हणजे आवडलं. आणि नाकातून आलेला 'हं' म्हणजे साहेब, तुमच्या आधी फार लोकांनी हे करून पाहिलंय. हा तिसरा होता. "सकाळी दूध आणायला गेलो होतो," मालक म्हणाला. बाणेरला दूध घरपोच येतं हे काकांनाही माहीत होतं आणि मालकालाही.

मग सुरू झाली प्रदक्षिणा. काका गाडीच्या एका कोपऱ्याशी उकिडवे बसतात आणि पत्र्यावरून तिरपे बघतात. दारं, फेंडर, बॉनेट यांच्यामधल्या फटी डावीकडे जेवढ्या तेवढ्याच उजवीकडे आहेत का हे त्यांना नखाने कळतं. मग यंत्र. कारखान्यातून आलेला रंग शंभर-दीडशे मायक्रॉनच्या आसपास भरतो. तीनशेच्या वर गेला की दुबार रंगवलेली, हजाराच्या पुढे गेला की आत लांबी भरलेली. काका आकडे मोठ्याने वाचतात आणि ओंकारने ते लिहून घ्यायचे असतात. "छप्पर एकशे दहा. बॉनेट एकशे वीस. डावं पुढचं दार एकशे पंधरा. डावं मागचं," इथे काकांनी चष्मा बदलला, "चारशे ऐंशी."

"स्कूटरवाल्याने घासलं होतं हो," मालक म्हणाला. "फक्त रंग दिला."

काका दारांच्या काचांकडे वळले. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत कंपनीचं नाव आणि वर्षाची खूण छापलेली असते. चष्मा कपाळावर, नाक काचेला. तीन काचा २०१७ च्या. डाव्या मागच्या दाराची २०१९ ची. "स्कूटरवाल्याने काचही घासली वाटतं," काका शांतपणे म्हणाले. मग त्यांनी त्या दाराचं रबर खालून हलकेच ओढून बाजूला केलं. रबराच्या आत पत्र्याच्या कडेला कारखान्यातल्या वेल्डिंगचे सारख्या अंतरावर गोल ठिपके असतात. दुसऱ्या दारापाशी ते होते. इथे नव्हते.

या सगळ्या वेळात त्यांचं तोंड अगदी हसरं असतं. माणूस पकडला गेल्याचा आनंद त्यांना होत नाही. चूक सापडल्याचा होतो. मालकाशी ते अत्यंत अदबीने वागतात, त्याच्या मुलांची चौकशी करतात, पाणी मागतात. फक्त मधूनच, जोशी आडनाव कुठलं, कोकणातलं का, असं विचारावं तशा सुरात विचारतात, "२५ सप्टेंबर २०१९ ला रात्री गाडी कुठे उभी होती?" आंबिल ओढ्याला पूर आला ती रात्र. गाडी कोल्हापूर-सांगली पासिंगची असली तर त्याच वर्षीचा ऑगस्ट, मुंबईची जुनी गाडी असली तर २६ जुलै २००५, या तारखा काकांच्या तोंडावर आहेत. उत्तर काहीही आलं तरी ते सीटबेल्ट टोकापर्यंत ओढून काढतात. पुराच्या पाण्यात बसलेली गाडी धुतात, सुकवतात, सीटची कव्हरं बदलतात, अत्तर मारतात, पण सीटबेल्टचा गुंडाळून आत राहिलेला शेवटचा हातभर भाग कुणी धूत नाही. तिथे गाळाची रेघ राहते. मग डिकीतलं गालिच्याचं कापड वर, स्टेपनी बाहेर, खालच्या खोबणीत टॉर्च. आरएसची डिकी मागच्या काचेसकट उघडते. "हिला सेडान म्हणतात?" काका दर वेळी विचारतात, आणि दर वेळी त्यांना कुणी तरी उत्तर द्यावंच लागतं.

निळ्या गाडीने पूर पाहिला नव्हता. एवढं मात्र तिच्या बाजूने होतं.

पुढची पायरी धुराची. मला सायलेन्सरमागे उभं करतात. या कामासाठी माझी कायमची नेमणूक आहे.

"धूर कसला आहे?"

"धुरासारखाच."

"रंग सांग, रंग!"

निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. सकाळी गार इंजिनाचा पहिला पांढरा धूर म्हणजे नुसती वाफ, ती विरते. विरलाच नाही आणि गोडसर वास आला तर कूलंट जळतंय. मग ऑइलचं झाकण उलटं करून बघायचं. आतल्या बाजूला दुधाळ कॉफीसारखी साय जमली असली तर तिथूनच नमस्कार करून निघायचं. हे सगळं मला पाठ आहे. तरी प्रत्यक्ष सायलेन्सरमागे उभं राहिलं की मला सगळे धूर राखाडी दिसतात, आणि शेवटी काका पांढरा रुमाल घेऊन स्वतःच येतात.

मॅट अंथरली गेली तेव्हा त्या सोसायटीचा वॉचमन, दोन मोलकरणी आणि कुत्र्याला फिरवणारे एक गृहस्थ जमले होते. काकांचे फक्त पाय बाहेर दिसत होते. या गाड्या जमिनीला टेकलेल्या, आणि पुण्यातले स्पीडब्रेकर हे सोसायटीच्या सेक्रेटरीच्या स्वभावानुसार बांधलेले असतात. त्यामुळे चेंबर कितीदा घासलंय, त्याला वेल्डिंग झालंय का, ऑइल पाझरतंय का, सस्पेन्शनची रबरं चिरलीत का, हे आडवं झाल्याशिवाय दिसत नाही. गाडीखालून आवाज येत होता. "लिही. चेंबर, खरचटलेलं. डावा लिंक रॉड नवा. उजवा जुना." मग थोडा वेळ शांतता. मग, "वॉचमन, मांजराला पिल्लं झाली आहेत इथे."

त्यानंतर टेस्ट ड्राइव्ह. आधी मालकाने चालवायची. काका मागच्या सीटवर बसतात, डोळे मिटतात. रेडिओ बंद. एसी बंद. बोलणं बंद. काचा खाली करून गाडी एखाद्या लांब कंपाउंड वॉलच्या कडेने न्यायला लावतात, कारण चाकाचे आवाज भिंतीवर आपटून परत कानात येतात. बेअरिंग गुणगुणत असेल तर तिथे कळतं. मग मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल गोल फिरवायचं. चाकापाशी टकटक झाली तर जॉइंट गेला. मग चढ, मग ट्रॅफिक. ऑटोमॅटिक गिअरची परीक्षा हायवेवर होत नाही, हे काकांचं आणखी एक लाडकं मत. ती सिग्नलपाशी, इंच-इंच सरकताना होते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी थरथरली, मागेपुढे झाली, तर क्लच संपत आलाय आणि त्याचं बिल ऐकून माणूसही थरथरतो.

शेवटी ओंकार बसला. आणि मग, "एक मिनिट, मी बघतो," म्हणत काका.

बायपासला लागल्यावर समोर रस्ता मोकळा मिळाला. काकांनी आरसे नीट केले, दोन्ही हात स्टिअरिंगवर घेतले आणि पाय दाबला. आम्ही सगळे सीटला चिकटलो. सत्तरीच्या घरातल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते मी कधी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "हंऽऽ," म्हणाले. इतका लांब 'हं' मी आजवर ऐकला नाही. ओंकारने मला कोपराने ढोसलं. त्याला वाटलं, झालं काम.

परत आल्यावर काकांनी गाडी मिनिटभर चालू ठेवली, मग बंद केली, बॉनेट उघडलं आणि टॉर्च घेऊन आत वाकले. मीटरवर ४१ हजार होते. पण ड्रायव्हरच्या सीटची उतरायच्या बाजूची कड पार चुरगळलेली, ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंगचं चामडं चमकायला लागलेलं. ४१ हजारांत हे होत नाही. बॅटरीच्या मागे, सहज हात जाणार नाही अशा ठिकाणी एक पुठ्ठ्याचा टॅग लोंबकळत होता. गॅरेजवाले ऑइल बदलल्यावर अडकवतात तसला. काकांनी दांडीचा आरसा आत घातला आणि वाचलं : पुढची सर्व्हिस ७८,००० किलोमीटर.

काकांनी टॅग पाहिला, मीटर पाहिला, मग मालकाकडे पाहिलं. "रिव्हर्समध्ये फार चालवलीत वाटतं?"

मालकाने आम्हाला चहासाठी वर बोलावलं. काका गेले, चहा प्यायले, कपबशी उचलून आत नेऊन ठेवली, त्याच्या वडिलांच्या गुडघ्यांची विचारपूस केली आणि खाली आल्यावर ओंकारला म्हणाले, "रिजेक्ट." त्या एका शब्दाला त्यांना जेवढा त्रास झाला तेवढा ओंकारलाही झाला नसेल. घरी येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. पौड फाट्याला आल्यावर फक्त एवढंच म्हणाले, "इंजिन मात्र काय आहे रे!"

त्यानंतर गाड्यांची रांग लागली. पिंपरीची पांढरी निघाली स्टेज टू रिमॅप केलेली, म्हणजे इंजिनाची ताकद बाहेरून वाढवून घेतलेली. मालकाने विकण्याआधी सगळं मूळपदाला आणलं होतं, पण एअर फिल्टरच्या डब्याच्या स्क्रूंची डोकी झिजलेली होती. "फिल्टर बदलायला एवढ्यांदा कोण उघडतो?" ठाण्याच्या लाल गाडीचे टायर 'नवेकोरे' होते. काकांनी टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले, २३१९. म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात जन्मलेले. "नवे म्हणजे न वापरलेले का? वापरायची मुदत पण जायला आली." वाशीच्या गाडीचा मालक शपथेवर सांगत होता की गाडीला साधा ओरखडा नाही. काकांनी इन्शुरन्सची पॉलिसी मागितली आणि एकच ओळ वाचली. नो क्लेम बोनस शून्य. क्लेम न घेणाऱ्याला दर वर्षी वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस करत पन्नास टक्क्यांपर्यंत सूट मिळते. पाच वर्षांच्या पॉलिसीवर शून्य म्हणजे साहेबांनी गेल्या वर्षी कंपनीकडून काही तरी घेतलेलं आहे. "ओरखडा नाही ना? मग पैसे कशाचे घेतलेत?"

एव्हाना ओंकारच्या आईला काकांबद्दल नितांत आदर वाटू लागला होता. या वेगाने मुलाचं लग्न आधी होईल, असं तिला दिसत होतं.

खरं सांगायचं तर मलाही अधूनमधून संशय येई, की काकांना गाडी मिळायलाच नको आहे. गाडी मिळाली की बघणं संपलं. पण हा संशय त्यांच्यावर अन्याय करणारा होता, कारण नाशिकची गाडी त्यांनीच शोधली. दाताच्या डॉक्टरची, पहिला मालक, ६२ हजार किलोमीटर, आणि फोनवर डॉक्टर आपण होऊन म्हणाले होते की पुढचा बंपर एकदा रंगवलाय आणि एक अलॉय घासलेलं आहे. "बघ, हा माणूस आधी दोष सांगतो," काका हरखून म्हणाले. गाडी पांढरी होती. ओंकारला निळी हवी होती. "रंग बघायला तू आत बसलेला असणार की बाहेर?" असं म्हणून काकांनी तो विषय मिटवला. बॉनेट गार. काचा एका सालच्या. सीटची झीज मीटरशी जुळणारी. फाइलमध्ये दर सर्व्हिसचं बिल तारीखवार, टाचणी लावून. फाइल चाळताना काकांनी डॉक्टरांकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू भाचीसाठीच स्थळ सापडलं. डॉक्टर विवाहित होते.

"डेव्हिएशनवर पास," काका म्हणाले. ओंकार नाचायचा बाकी होता.

पण लगेच नाही. आधी कागद. आरसीवर बँकेचा बोजा दिसत होता. कर्ज फिटलं होतं, पण बोजा उतरवला नव्हता. म्हणून बँकेची एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ आल्याशिवाय टोकन द्यायचं नाही. मग ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३०. मग आरसीवरचा चासी नंबर आणि गाडीवर कोरलेला चासी नंबर, काकांनी एक वाचायचा, ओंकारने दुसरा, एकेक अक्षर. मग ई-चलनं. डॉक्टरांच्या नावावर मुंबई-नाशिक हायवेवरचं ओव्हरस्पीडिंगचं एक चलन निघालं, तेव्हा डॉक्टर लाजले. "असू द्या," काका म्हणाले, "एवढं तर हवंच."

आणि सगळं ठरल्यावर, परतीच्या वाटेत, काकांनी ओंकारला ते सांगितलं जे अशा गाड्या घेणाऱ्या दहांपैकी नवांना कुणी सांगत नाही. गाडी निम्म्या किमतीत मिळाली, पण तिचे पार्ट पूर्ण किमतीच्याच गाडीचे असतात. डिस्क, टायर, सस्पेन्शन, गिअरबॉक्सचं ऑइल, एकाचीही किंमत जुनी होत नाही. "जेवढ्याला घेतोयस त्याच्या वर दहा टक्के बाजूला ठेव. पहिल्या वर्षी ते लागतात. नाही लागले तर मला जेवायला ने." ओंकारने काकांना जेवायला नेलं नाही. पैसे लागले.

हे सगळं करणाऱ्या माणसाकडे स्वतःची गाडी कोणती? होंडा सिटी, २००२ ची, १.५ व्हीटेक, १०६ अश्वशक्ती. ज्यांना ठाऊक आहे ते इथेच मान डोलावतील. त्या काळी इंजिनाचा आवाज वर जाता जाता मध्येच सूर बदलतो आणि गाडी पुन्हा नव्याने सुटते, हे ऐकायला लोक उगाच खंडाळ्यापर्यंत जाऊन येत. काकांनी तिचा टायमिंग बेल्ट दर वेळी मुदतीच्या आधी बदललाय, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तिचं पासिंग पुन्हा करून घेतलंय, हरित कर भरलाय. हल्ली ती महिन्यातून दोनदा निघते. काकूंनी अखेर सांगितलं, मुलगा येणार, त्याच्यासाठी ऑटोमॅटिक घेऊ, ही विका. काका बरेच दिवस "घाई नाही आपल्याला" म्हणत राहिले. मग एका रविवारी कोल्हापूरहून एक तरुण आला. व्हीटेक म्हटल्यावर रात्रभर प्रवास करून आला होता.

एकटा आला नव्हता. बरोबर पांढरा शर्ट, पांढरी विजार, पायात कोल्हापुरी असे एक मामा होते. मामांच्या खांद्याला पिशवी होती.

मामा कुणाशी काही बोलले नाहीत. सरळ गाडीपाशी गेले आणि बॉनेटवर तळहात ठेवला.

"काल रात्रीपासून हात लावलेला नाही," काका म्हणाले. त्यांचा आवाज किंचित चिरकला होता. इतकी वर्षं हा हात त्यांचा होता.

"दिसतंय की," मामा म्हणाले. "गार हाय."

पुढचे तीन तास मी खुर्ची घेऊन गॅलरीत बसलो. मामांनी बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट तपासले. एकाचा रंग उडाला होता. "पाना लागलाय हितं." काका म्हणाले, "२०११. रेडिएटर बदलताना. बिल आहे." मामांनी सीटबेल्ट ओढले. काका म्हणाले, "मुठेपासून लांब राहतो आम्ही." मामांनी स्टेपनी काढली. २००२ चाच टायर, रस्त्याला कधी टेकलेला नाही. मामा त्याच्याकडे बघत उभे राहिले आणि पहिल्यांदाच 'हं' म्हणाले. लांब. काकांनी मॅट आणून दिली. मामा खाली गेले. थोड्या वेळाने काकाही दुसऱ्या बाजूने खाली गेले. गाडीखालून चार पाय बाहेर आणि मध्ये अखंड बोलणं. एकदा हसण्याचा आवाजही आला. भाचा मात्र मोबाइलकडे बघत ताटकळत होता. काकूंनी त्याला दोनदा पोहे दिले.

शेवटी दोघं बाहेर आले, कपडे झटकले. भाच्याने विचारलं, "मामा, घ्यायची न्हवं?"

"गाडीत खोट न्हाई," मामा म्हणाले.

"मग?"

"मग काय मग? हे गृहस्थ इकायला न्हाई बसल्यात, दाखवायला बसल्यात. अशा माणसाकडनं गाडी घिऊन गेलास तर आठ दिसानं फोन करून इचारतील, ऑइल कुठलं घातलंस म्हणून. झेपंल तुला?"

काकांनी नाही म्हटलं नाही. खरं तर काहीच म्हटलं नाही; टॉर्च पुसत बसले. भाच्याचा चेहरा पडला. रात्रभराचा प्रवास वाया. तेव्हा काकांनी विचारलं, "बजेट किती आहे मुलाचं?" आणि आकडा ऐकून खिशातून मोबाइल काढला. पिंपळे सौदागरला एक लिनिया टी-जेट आहे म्हणाले, मागच्या आठवड्यापासून डोळा ठेवलाय, सिंगल ओनर सांगतो, पण फोटोत पुढची डावी फट मोठी दिसते.

"बघू या का मग?" मामा म्हणाले. "बघायला काय पैसे पडत्यात?"

दोन पिशव्या मागच्या सीटवर, त्यांच्या शेजारी भाचा, पुढे दोघे. व्हीटेक चालू झाली. काकांनी ती मिनिटभर तशीच गरम होऊ दिली आणि मामांनी समाधानाने मान हलवली. गेटातून वळताना काकूंनी गॅलरीतून ओरडून विचारलं, "अहो, जेवायला येणार ना?"

"घाई नाही आपल्याला," दोघंही एकदम म्हणाले.